डचेसच्या टाकीचा श्वास

मर्व्ह ट्रेस्ट्रेलला वास येत नाही हे सेडूना गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मर्व्हला ते मान्य नव्हतं. बंदरावरच्या गव्हाच्या कोठारांत त्याने उभी हयात काढली होती आणि त्या धुळीने त्याचं नाक कधीच बाद करून टाकलं होतं. टोस्ट करपून स्वयंपाकघर धुराने भरलं तरी हा पेपर वाचत बसलेला असे. पण कबूल करेल तर शपथ. "मला नाही आला वास," असं तो अशा थाटात म्हणायचा, की जगात वास आहे की नाही हे ठरवायचा मक्ता त्याच्याकडेच होता.

त्यामुळे डचेसमध्ये पेट्रोलचा वास येतोय असं लॉर्ना म्हणाली, तेव्हा त्याने नेहमीचंच उत्तर दिलं. वर म्हणाला, "तुझ्या त्या केस कुरळे करायच्या औषधाचा असेल. त्याने माशासुद्धा मरतात."

डचेस म्हणजे त्यांची जुनी जर्मन व्हॅन. रंगाने एके काळी मलईसारखी, आता दाताच्या रंगाची. लॉर्ना केस कापायची, आणि डचेस हे तिचं दुकान होतं. आत एक फिरती खुर्ची, एक बेसिन, आरसा आणि डोक्यावर ओढून घ्यायचा मोठा टोपवाला ड्रायर. सेडूनाच्या उत्तरेला आणि पश्चिमेला मेंढ्या पाळणाऱ्यांच्या वस्त्या आहेत, एकीच्या गच्चीवरून दुसरी दिसायची नाही इतक्या लांब लांब. लॉर्ना दीड-दोन महिन्यांतून एकदा तिकडे फेरी मारायची. डचेस एखाद्या अंगणात उभी राहिली की आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका धूळ उडवत तिथे जमायच्या. केस हे निमित्त. कुणाचा नवरा बोलत नाही, कुणाची मुलगी शहरातून येत नाही, कुणाची गाठ डॉक्टरांनी तपासायला घेतलीय, हे सगळं त्या खुर्चीत बसून बोललं जायचं, आणि लॉर्नाच्या तोंडून कुठेही बाहेर पडायचं नाही.

त्या दिवशी ती फेरी अर्धी टाकून परत आली. मर्व्ह मागच्या अंगणात मासे साफ करत होता. ती येऊन उलट्या बादलीवर बसली, पाकीटही खाली ठेवलं नाही.

"रॉझलिनने वीज बंद केली," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

रॉझलिन म्हणजे पास्कोंची सून. त्यांची वस्ती सगळ्यांत लांबची.

"का? बिल भरलं नाही का तिने?"

"थट्टा करू नकोस, मर्व्ह. आजींना खुर्चीत बसवलं होतं. रोलर लावून झाले होते. ड्रायर खाली ओढणार तेवढ्यात ती दारात आली. म्हणाली, लॉर्ना, ह्या गाडीत पेट्रोलचा भपकारा मारतोय आणि तू वीज लावतेस? माझ्या सासूला भाजून काढायचंय का तुला?"

"अगं, पण..."

"पण काय? बरोबरच आहे तिचं. मी तुला किती दिवस सांगतेय? मी आजींना ओल्या केसांनी घरात पाठवलं. सगळ्या बायकांच्या देखत."

मर्व्हने सुरी खाली ठेवली. लॉर्ना रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती रडत नव्हती, हिशेब मिटवल्यासारखी शांत बोलत होती.

"वास जाईपर्यंत मी कुणालाही त्या खुर्चीत बसवणार नाही. आजींचा नव्वदावा वाढदिवस पुढच्या शनिवारी आहे. त्यांचे केस करायचा शब्द दिलाय मी. तोपर्यंत हे निस्तरलं नाही, तर फेऱ्या बंद. गाडी विकायची आणि कात्र्या ड्रॉवरमध्ये टाकायच्या. मी आता कंटाळलेय लोकांच्या जिवाशी खेळायला."

लॉर्ना उगाच काही म्हणणाऱ्यांतली नव्हती. तिने सिगारेट सोडते म्हटलं त्या दिवशी सोडली होती. मर्व्ह अजून सोडतच होता. फेऱ्या बंद झालेली लॉर्ना कशी असेल हे त्याने क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहिलं. फेरीवरून ती थकून यायची, पाय सुजलेले असायचे, पण चेहरा असा असायचा की त्याला जेवताना तिच्याकडेच बघत राहावंसं वाटे. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या घराण्यात असलं काही सांगायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो डचेस घेऊन स्टॅव्हच्या गॅरेजवर गेला. स्टॅव्हचे आजोबा ग्रीसहून मासेमारीला आले होते. नातवाने समुद्राकडे पाठ फिरवून ग्रीसमध्ये हात घातला असं गावातले लोक म्हणायचे आणि दरवेळी नव्याने हसायचे. स्टॅव्हने गाडीखाली डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"बाप रे! मर्व्ह, हा वास तुला येत नाही?"

"थोडा येतो," मर्व्ह म्हणाला.

"थोडा! डोळ्यांतून पाणी आलं माझ्या." स्टॅव्हने तळहाताने डोळे पुसले. "टाकीच्या ब्रीदरच्या नळ्या सडल्यात. टाकीलाही श्वास घ्यावा लागतो ना? पेट्रोल संपत जातं तशी हवा आत यायला हवी, उन्हात पेट्रोल फुगलं की तिला बाहेर जायला वाट हवी. त्यासाठी टाकीच्या डोक्यावरून नळ्या जातात, पुढच्या चाकांमागच्या दोन छोट्या डब्यांत. त्या गेल्यात. टाकी खाली घ्यायची, नळ्या बदलायच्या, नळ्या टाकीत शिरतात तिथली रबरी बुशं, म्हणजे कडी, बदलायची. कठीण काही नाही. शिव्या मात्र भरपूर द्याव्या लागतात."

"मग दे की. कधी करतोस?"

स्टॅव्हने नुसतं बाहेर बोट दाखवलं. इथे नाताळ आणि गव्हाची कापणी दोन्ही भर उन्हाळ्यात येतात, आणि कापणी तोंडावर आली होती. अंगणात ट्रक आणि कापणीयंत्रं एकमेकांना खेटून उभी होती आणि फाटकाबाहेर आणखी रांग होती.

"नाताळानंतर," तो म्हणाला. "तोवर अर्ध्या टाकीवर चालव. पेट्रोल खाली असलं की वास येत नाही."

मर्व्हने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. स्टॅव्हलाच हसू आलं. अर्ध्या टाकीवर पास्कोंच्या वस्तीवर जाता येतं, परत येता येत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"नाहीतर विकून टाक रे बाबा. म्हातारी झालीय ती."

"म्हातारा तर मीही झालोय. मला कोण घेणार? नळी दे, मी करतो."

स्टॅव्हने रिळावरची पेट्रोलची नळी कापून दिली, बुशं दिली, मूठभर क्लिपा दिल्या. देताना त्याची नजर मर्व्हच्या हातांकडे गेली. मर्व्हने ते खिशात घातले. त्याची बोटं आता आल्याच्या गड्ड्यांसारखी झाली होती. सकाळी शर्टाचं वरचं बटण लॉर्नाच लावून द्यायची, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

टाकी रिकामी करून तो गुरुवारी गाडीखाली शिरला. उत्तरेचा गरम वारा सुटला होता, माशा नुसत्या घोंघावत होत्या. टाकी पुरी उतरवायचा बेत पहिल्या तासातच बारगळला. एक बोल्ट गंजून लोखंडाशी असा एकजीव झाला होता की जोर केला असता तर टाकीचा कानच निघून आला असता. मग त्याने दुसऱ्या बाजूचा पट्टा सोडला, खाली फळी घालून जॅक लावला आणि टाकी एका अंगाने उतरवली. वर जेमतेम हात जाईल एवढी फट झाली. लॉर्नाचा हात, त्याचा नव्हे. त्याचा मनगटापर्यंत गेला आणि अडकला. बोटांच्या टोकांना क्लिप लागली, पण बोटं मिटेनात. पक्कड घातली तर ती निसटून खाली पडली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ती त्याच्या कपाळावर पडली, आणि मग स्टॅव्हने सांगितलेल्या शिव्यांचा तो भाग यथासांग पार पडला.

"शेजारी ऐकतायत," वरून लॉर्नाचा आवाज आला. ती चहा घेऊन आली होती. "काय झालं?"

"काही नाही."

"कपाळातून रक्त येतंय."

"काही नाही म्हटलं ना!"

तिने वाकून पाहिलं. पक्कड कुठे पडलीय ते पाहिलं, त्याचा हात पाहिला. मग आत गेली आणि आपला कामाचा काळा एप्रन घालून, हातात कंगव्या-चिमट्यांचा डबा घेऊन आली. बगलेत गरम पाण्याचा थर्मास होता.

"सरक."

"अगं, हे तुझं काम नाही."

"गाडी माझी, गिऱ्हाइकं माझी, नाक माझं. सरक तिकडे."

तो सरकला. ती जुन्या गालिच्यावर उताणी झोपली, हात फटीतून कोपरापर्यंत वर घातला आणि डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही.

"काय करतेस?"

"बघतेय."

"डोळे मिटून?"

"डोक्यावर कुठे खळगा आहे, कुठे भोवरा आहे, कुठे जुनी खूण आहे, हे मी काय डोळ्यांनी बघते? गप पड जरा."

मर्व्ह पलीकडच्या बाजूला टॉर्च धरून पडला. त्याला फक्त तिचा हात दिसत होता. तो हात त्याने हजारदा पाहिला होता, पिठात, साबणात, त्याच्या स्वतःच्या कॉलरपाशी. असा कामात मात्र कधी पाहिला नव्हता. बोटं एकेका नळीवरून गेली, जोडापाशी थांबली, परत आली. घाई नाही, चाचपडणं नाही. मग तिने डब्यातला पोलादी कंगवा मागितला, लांब शेपटीचा. त्या शेपटीचं टोक तिने नळी आणि धातू यांच्या मधे सरकवलं आणि हळूहळू गोल फिरवलं. वर्षानुवर्षं चिकटून बसलेलं रबर चर्र करून सुटलं. नळी तिच्या हातात आली. मर्व्ह पक्कड घेऊन जिच्याशी सकाळपासून झटत होता, तीच ही नळी.

"डावीकडे ओढ आता," मर्व्ह म्हणाला.

"मर्व्ह, मी कधी कोठारावर येऊन गहू कसा ओतायचा ते सांगितलं का तुला?"

"एकदा सांगितलं होतंस."

"आणि?"

"बरोबर होतं ते," मर्व्हने मान्य केलं आणि पुढे तोंड उघडलं नाही.

नवी नळी घालताना तिने तिचं टोक थर्मासमधल्या गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, आतून पावडर लावली. बुशाच्या कडेवरून बोट फिरवत तिने ते भोकात असं बसवलं की आवाजसुद्धा झाला नाही. क्लिप उघडी राहावी म्हणून केसांचा चिमटा लावला, जागेवर नेली आणि चिमटा काढून घेतला. मर्व्हने आयुष्यात चांगले कारागीर पाहिले होते. धान्याच्या बोटींचे बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, पाहिले होते, एका हाताने दोर बांधणारे. पण ह्या बाईसारखे हात त्याने पाहिले नव्हते, आणि ती बाई इतकी वर्षं त्याच्याच घरात राहत होती. त्याला अभिमान वाटला आणि त्याच दमात थोडी लाजही वाटली, कारण आजवर ती काय करते असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "बायकांच्या डोक्यावर काहीतरी करत असते."

जुनी नळी बाहेर काढल्यावर लॉर्नाने ती कात्रीने उभी चिरली. बाहेरून भेगा पडल्या होत्या, त्यात नवल नव्हतं. आत मात्र रबराची काळी चिकट जेली झाली होती.

"ही हवेची नळी ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग हिच्या आत पेट्रोल कुठून आलं? नुसतं आलं नाही, मुरलंय."

मर्व्हने चिरलेल्या नळीवरून बोट फिरवलं. त्याला ते कळून चुकलं होतं.

ह्या मुलखात टाकी भरली असं पंपाने सांगून चालत नाही. पंप थांबला की मग खरं भरणं सुरू होतं. एकाने नळ धरायचा, दुसऱ्याने बंपरवर बसून गाडी गदागदा हलवायची. आतली हवा ढेकर देऊन बाहेर येते आणि आणखी थोडं पेट्रोल मावतं. मर्व्हच्या बापाने त्याला हे चालायला शिकवायच्या आधी शिकवलं असेल. वस्त्यांवर तर ह्याला पाहुणचाराचा मान होता. पाहुणा आला की चहाच्या आधी घरच्या पिंपातून त्याची टाकी भरायची, आणि यजमानाने स्वतः गाडी हलवायची. पाहुणा काठोकाठ न भरता गेला तर घराची नाचक्की. आणि लॉर्ना तर सगळ्यांची लाडकी. म्हाताऱ्यांकडून ती पैसे घेत नसे, म्हणून तिच्या टाकीला आग्रह दुप्पट. प्रत्येक अंगणात डचेसला पोट फुटेस्तोवर वाढलं होतं, आणि वर हलवून हलवून आणखी वाढलं होतं. हवेला जागाच उरली नव्हती. जे पेट्रोल टाकीत मावत नव्हतं ते नळ्यांत जाऊन उभं राहत होतं आणि नळ्या खात होतं. सगळ्या मुलखाने मिळून प्रेमाने तिचा गळा दाबला होता.

"म्हणजे रॉझलिनचा नवरा..." लॉर्ना म्हणाली.

"गॅव्हिन? तो तर सगळ्यांत जोरात हलवतो. मागच्या वेळी आरसा पडला होता तुझा."

लॉर्ना हसायला लागली. गाडीखाली हसायला जागा नव्हती, तिचं पोट टाकीला लागत होतं, तरी ती हसत राहिली. मर्व्हही हसला. मग ती एकदम थांबली.

"शनिवारी तो पुन्हा भरेल रे. आणि मला नाही म्हणता यायचं नाही. त्यांच्या दारात त्यांचंच पेट्रोल नाकारायचं म्हणजे तोंडावर मारल्यासारखं होईल."

"ते माझ्यावर सोड," मर्व्ह म्हणाला.

शेवटचं बुश बसेना. बसेपर्यंत त्या बुशाने संध्याकाळ खाल्ली आणि तिचा पोलादी कंगवाही मोडला. ती बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत काळी झाली होती, केसांत गंज होता, हनुवटीवर पावडर होती.

"चांगलं झालं," मर्व्ह म्हणाला.

"एवढंच?"

"फार चांगलं झालं," तो म्हणाला आणि कान लाल करून जॅक उचलायला गेला.

शनिवारी ते पास्कोंच्या अंगणात पोचले तेव्हा ऊन रणरणत होतं. व्हरांड्यात बायका जमल्या होत्या, चांगले कपडे घालून, पण केस तसेच. टेबलावर लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेल्या केकच्या वड्या, आणि फळांचा केक जाळीखाली झाकून ठेवला होता. वेताच्या खुर्चीत पास्कोआजी बसल्या होत्या, लहानशा, ताठ, डोक्याला रुमाल बांधून.

रॉझलिन धावत आली आणि तिने लॉर्नाला मिठी मारली.

"मी घरातलं बेसिन रिकामं केलंय," ती हळूच म्हणाली. "आज आतच करू या ना सगळ्यांचे? कशाला उगाच..."

"वास गेलाय, रॉझलिन. नळ्या बदलल्या आम्ही."

"हो गं, बदलल्या असतील. पण घरात गारवाही आहे."

ती भांडली असती तर परवडलं असतं. हा गोडवा भांडणाहून वाईट होता. लॉर्नाने मान हलवली आणि डबा छातीशी धरून उभी राहिली. आज आपण गाडीचं दार उघडलं नाही तर पुन्हा कधीच उघडणार नाही, हे तिला कळलं होतं, आणि तिच्याकडे बघून मर्व्हलाही कळलं.

गॅव्हिनने तोवर पिंपाचा नळ डचेसच्या टाकीत घातला होता आणि तो हाताने पंप मारत होता. हा आडदांड, प्रेमळ माणूस. "ये रे मर्व्ह, बस बंपरवर! वाढदिवस आहे, आज गळ्यापर्यंत भरू!"

मर्व्ह बंपरवर बसला नाही. त्याने टाकीच्या तोंडाशी कान नेला. नाक नसलं तरी कान शाबूत होते. गव्हाचं कोठार भरत आलं की धान्याचा आवाज कसा चढत जातो हे त्याने आयुष्यभर ऐकलं होतं. पेट्रोलचा आवाजही तसाच चढत गेला, जाडसर होता तो बारीक झाला.

"बस," तो म्हणाला.

"अरे, बस काय? अजून जाईल. सरक, मी हलवतो." गॅव्हिन बंपरकडे निघाला.

मर्व्ह त्याच्या वाटेत उभा राहिला. "गॅव्हिन, तुझ्या आईला केक आवडतो ना?"

"जीव टाकते."

"तिला आज सगळा केक खायला लावलास, आणि वर खांदे धरून हलवलंस, आणखी दोन तुकडे मावावेत म्हणून. काय होईल?"

गॅव्हिनने आईकडे पाहिलं. "काठीने मारेल मला."

"त्याआधी तिचा श्वास कोंडेल. डचेसचा तोच कोंडला होता. तू, मी, सगळ्यांनी मिळून कोंडला. त्या नळ्या हवेच्या आहेत रे, आपण त्यांना पाजत होतो. पोटभर वाढलंस, पावलं. आता हिला श्वास घेऊ दे."

गॅव्हिन बंपर सोडून पुन्हा टाकीपाशी आला. व्हरांड्यात सगळं ऐकू जात होतं. रॉझलिनने नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मागच्या फेरीच्या वेळी आरसा कुणी पाडला होता हे तिलाही आठवत असावं. गॅव्हिनने नळ काढला आणि टाकीचं झाकण दोन्ही हातांनी हळुवार लावलं.

मर्व्हने डचेस सावलीत नेली नाही. भरलेली टाकी तशीच उन्हात उभी ठेवली, दारं-खिडक्या बंद करून, वास असलाच तर आत साठावा म्हणून. सगळ्यांनी चहा घेतला. आजींनी रुमालाखालून डोकं खाजवलं. केकची चर्चा झाली, पावसाची झाली, गाडीकडे कुणी बघत नव्हतं आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. मग लॉर्ना उठली, दार सरकवून आत गेली आणि डोळे मिटून उभी राहिली.

"रॉझलिन, ये," तिने हाक मारली.

रॉझलिन गेली. वाकून, उठून, खुर्चीखाली, बेसिनखाली तिने हुंगून पाहिलं.

"मटणाच्या सँडविचचा वास येतोय," ती म्हणाली.

"ते माझं आहे," मर्व्ह म्हणाला.

बायका हसल्या. पण व्हरांड्यातून कुणी उतरलं नाही. वास नाही हे एक आणि तिथे बसून डोक्यावर विजेचा टोप ओढून घेणं हे दुसरं. लॉर्ना कुणाला बोलावणार नव्हती. तिने तसं स्वतःलाच बजावलं होतं. ती दारात एप्रनला हात पुसत उभी राहिली, पुसायला काही नसताना.

मर्व्ह उठला. त्याने शेडमधून विजेची लांब वायर ओढत आणली, डचेसमध्ये खोचली, बटण लावलं. ड्रायर घुमायला लागला. मग तो खुर्चीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो मोठा टोप डोक्यावर ओढून घेतला.

त्याच्या डोक्यावर केस नव्हते. कानांच्या वर दोन पांढऱ्या झालरी, बाकी सगळं उन्हात चकाकणारं मैदान.

"लॉर्ना," तो टोपातून ओरडला, "मला ते कुरळे करून दे. सगळ्या बायकांसारखे."

व्हरांड्यात हशा फुटलाच. गॅव्हिन पोट धरून पायरीवर बसला. लॉर्ना मात्र हसली नाही. ती आत आली, ड्रायर बंद केला आणि कानाजवळ वाकून म्हणाली, "उतर खाली, म्हाताऱ्या. मी आधी एकटी चालवून बघणार होते. काही झालं असतं म्हणजे?"

"काही झालं नसतं. त्या नळ्या तू लावल्यास. मी पाहिलंय तुझं काम."

त्याच्या गळ्याभोवती तिने टॉवेल गुंडाळला, बेसिनकडे खुर्ची मागे झुकवली आणि कोमट पाणी सोडलं. तिची बोटं त्याच्या टाळूवरून फिरली, कानामागे गेली, मानेच्या खळग्यापाशी थांबली. तिथे काय दुखतंय हे तिला कळलं, त्याला न विचारता. मर्व्हने डोळे मिटले. इतकी वर्षं तो गावातल्या न्हाव्याकडे जाऊन पाच मिनिटांत खुर्ची सोडत आला होता. एवढ्या लांबून धूळ खात ह्या बायका कशासाठी येतात, ते त्याला आज, ह्या वयात, डोक्यावर केस उरले नसताना समजलं. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते साबणाचं असावं असं समजायला कुणाचीच हरकत नव्हती.

पायरीवर काठी वाजली. पास्कोआजी रुमाल सोडत वर चढल्या होत्या, मागे रॉझलिन त्यांचा कोपर धरून.

"ए मर्व्ह," आजी म्हणाल्या, "ऊठ. ती माझी खुर्ची आहे, आणि वाढदिवस माझा आहे."

मर्व्ह खडबडून उठायला लागला. लॉर्नाने त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"जरा थांबा, आजी," ती म्हणाली. "हे गिऱ्हाईक आधी आलंय."

आजींनी मर्व्हच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग रॉझलिनला आणखी एक खुर्ची गाडीतच आणायला सांगितली आणि वाट बघत बसल्या.